उपरण्याखालचं उत्तर

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "हिंगोली जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे हो?" पहिले काही दिवस मी औंढ्याच्या देवळाचं नाव सांगत होते, कारण ते जीपमधून ओझरतं का होईना दिसलं होतं. आता खरं तेच सांगते. मी तिथे एक उपरणं बघितलं. पांढरं, विडीच्या ठिणग्यांनी दोन-तीन ठिकाणी भोकं पडलेलं आणि बकऱ्यांचा वास मारणारं. त्याच्यासाठी मी पुन्हा जाईन, तेही हक्काची रजा टाकून.

मी पुण्यात एका संशोधन संस्थेत क्वांटम संगणनाचं सैद्धांतिक काम करते. घाबरू नका, पान उलटू नका. साध्या भाषेत सांगायचं तर, जो संगणक अजून जगात नीट तयारच झालेला नाही, तो झाल्यावर त्याच्यावर काय काय करता येईल याची गणितं आम्ही आत्तापासून सोडवून ठेवतो. आमच्या खोलीत यंत्र नाही, तारा नाहीत. फळा, खडू आणि दिवसभर चहा. माझ्या सासूबाई अजूनही शेजारणींना "ती कॉलेजात असते" एवढंच सांगून विषय मिटवतात.

मारोती माझा विद्यार्थी. वसमत तालुक्यातल्या हट्ट्याचा. गोष्ट याच वर्षीची, दोन हजार पाचची; त्याचा प्रबंध नुकताच हातावेगळा झाला होता आणि आमच्याच संस्थेत तो पुढचं काम करत होता. एका दुपारी तो माझ्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं. आमच्या धंद्यात कुणी दार लावून घेतलं की सिद्धतेत भोक सापडलेलं असतं.

"मॅडम, तुमी माझ्या गावाकडं चला. सोयरिकीची बैठक हाय."

हुश्श केलं, पण त्याचा चेहरा सिद्धता कोसळल्यापेक्षा वाईट होता. याआधी त्याची दोन स्थळं मोडली होती, आणि दोन्ही एकाच कारणाने. पोरगा काय करतो हे कुणाला सांगताच येईना. एका ठिकाणी तर मुलीचे वडील म्हणाले, एवढा शिकून हा कंप्युटर नसलेल्या कंप्युटरच्या खात्यात काहून गेला? आता तिसरं स्थळ होतं सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचं. शारदा नाव. हिंगोलीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय गणित. वसमतला कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत तिने याला विचारलं होतं, तुमी नेमकं काय करता? याने पत्रावळीवर बुंदीचे दाणे मांडून सांगायला सुरुवात केली. पंगत उठली, दुसरी बसली, वाढप्याने दोनदा हटकलं, तरी यांचं चालूच. शेवटी तिने बुंदी खाऊन टाकली आणि म्हणाली, आता कळालं. तेव्हापासून आमचा मारोती कामातून गेला होता.

"तिच्या घरच्यायला पटलं पायजे," तो माझ्याकडे न बघता फळ्याकडे बघत म्हणाला. "न्हाई पटलं तर मी दुसरीकडं बघणार न्हाई, मॅडम."

फळ्यावर त्या दिवशी नेमकं अशक्यतेचं प्रमेय लिहिलेलं होतं. मी ते पुसलं आणि म्हटलं, चल.

हट्टा

पोचलो त्या दिवशी गावात हळद शिजत होती. पुण्यात हळद म्हणजे मसाल्याच्या डब्यातली एक वाटी. इथे अंगणात, खळ्यावर, रस्त्याच्या कडेला, जिथे नजर जाईल तिथे पिवळं. मोठाल्या कढयांमधून वाफा निघत होत्या आणि त्या ओल्या, कडवट-गोड वासाने माझं डोकं हलकं झालं. मी अक्षरशः लहान मुलीसारखी इकडून तिकडे पळत होते आणि प्रत्येक गोष्टीला "अय्या!" म्हणत होते. व्हायचं तेच झालं. नुकत्याच शिजवून पसरलेल्या हळकुंडांवरून माझा पाय सटकला आणि मी साडीसकट त्या ढिगात बसले.

कुणी हसलं नाही. म्हणजे मारोतीच्या आईने पदर तोंडात कोंबला होता, पण तो थोड्याच वेळात सुटला. "आगं बाई! नवरदेवाच्या आधी मास्तरणीलाच हळद लागली!"

मग मात्र गल्लीच्या गल्ली हसली, आणि सगळ्यांत मोठ्याने मी. माझी साडी कामातून गेली. माउलीने पेटीतली आपली ठेवणीतली इरकल काढून मला नेसवली. पाय मात्र कितीही घासले तरी पिवळेच राहिले. त्या पिवळ्या पायांनीच मी पुढचा सगळा प्रवास केला.

सकाळी सुशीला नावाचा पदार्थ खाल्ला. चुरमुरे भिजवून, पिळून, मिरची-कांद्याच्या फोडणीत परतलेले, वरून दाण्याचा कूट. आमच्याकडे पाहुण्याला "अजून घेणार का?" असं विचारायची पद्धत आहे, आणि त्या प्रश्नातच "नको" हे उत्तर असतं. इथे विचारतच नाहीत. बोलता बोलता ताटली भरलेली असते. मी तिसऱ्यांदा भरलेली ताटली खात असताना मारोतीचे वडील, किसनराव, समोर येऊन बसले. त्यांच्या वडिलांनी मेंढरं विकून हळदीची शेती धरली होती. माणूस मितभाषी, हात कायमचे पिवळे.

"मॅडम, आमाला त्याच्या शिक्षणातलं काई कळत न्हाई. तुमी त्याच्या गुरू. तिथं फकस्त एवढं सांगा, पोरगं कामाचं हाय. बाकी आमी बघतो."

"एवढंच ना?" मी म्हटलं. एवढं सोपं काम मला अनेक वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

साखऱ्याकडे

भाड्याच्या जीपमध्ये पुढे किसनराव आणि ड्रायव्हर, मागे मी, मारोती, त्याची आई, पेढ्यांचा पुडा आणि एक नारळ. औंढा मागे पडलं, हिंगोलीत चहा झाला, सेनगावच्या पुढे काळी जमीन हळूहळू मुरमाड होत गेली. ओलिताची शेतं संपली. उघडे माळ, काढून झालेल्या तुरीच्या काड्या, आणि मध्येच एकेक पळस, असा काही फुललेला की मी दरवेळी मारोतीचा दंड धरून ओरडायचे. तो बिचारा हसायचा प्रयत्न करायचा. त्याला पळस दिसत नव्हते.

"मॅडम, एक रिक्वेस्ट हाय. तिथं 'कदाचित' म्हणू नका."

"नाही म्हणणार."

"'काही अंशी' बी नको. आन 'एका मर्यादित अर्थानं' तर बिलकुल नको."

"अरे, मी काय वेडी आहे का?"

माझ्या हाताखाली सहा वर्षं काढलेला मुलगा होता, मला ओळखून होता.

साखरा

शारदाच्या घरापुढे मोठं अंगण, एका बाजूला काट्यांच्या कुंपणात बकऱ्या आणि मेंढरं. शेती पावसावरची, त्यामुळे घर मुख्यतः या जितराबावर उभं. आमच्यासाठी काळी घोंगडी अंथरली होती. तिच्यावर बसवणं म्हणजे मोठा मान, हे मारोतीच्या आईने कानात सांगितलं. मान टोचतो, हे मला बसल्यावर कळलं.

समोर शारदाचे वडील होते, पण ते बोलत नव्हते. बोलणारे होते तिचे मामा, गावोगाव सोयरिकी जुळवलेले, चष्मेवाले. आणि खांबाला टेकून तिचे आजोबा, लिंबाजी आबा. आयुष्यभर बकऱ्यांच्या बाजारात व्यवहार केलेला माणूस. खांद्यावर ते उपरणं. डोळे अर्धे मिटलेले, जणू बैठक दुसऱ्याच कुणाची होती.

शारदा पाणी घेऊन आली. उंच, सावळी, शांत. तिची नजर माझ्या पिवळ्या पायांवर गेली आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. मला ती त्याच क्षणी पसंत पडली. पण माझ्या पसंतीला विचारतो कोण. ती आत जाऊन दाराच्या आडोशाला उभी राहिली.

मामांनी घसा साफ केला. "तर मॅडम, हे कॉन्टम कंप्युटर म्हंजी काय? आमच्या हिंगोलीत आता गल्लोगल्ली कंप्युटर क्लास निघालेत. त्याच्यात आन ह्याच्यात फरक काय?"

मी शोधत होते सोपं उदाहरण, तेवढ्यात माझी नजर आबांच्या उपरण्यावर पडली. बाजारात बकऱ्याचा भाव उपरण्याखाली, एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, हे मला मारोतीने कधीतरी सांगितलं होतं. मी सरसावून बसले.

"असं बघा. उपरण्याखाली तुम्ही भाव करता. बाहेरच्याला दिसत नाही, पण आत बोटं दाबलेली असतात, भाव ठरलेला असतो. आमच्यात उलटं आहे. उपरणं उचलून बघेपर्यंत भाव ठरलेलाच नसतो. एकाच वेळी सगळेच भाव असतात!"

आबांनी डोळे पूर्ण उघडले. "असल्या बाजारात म्या बकरं न्हेणार न्हाई," ते म्हणाले आणि परत मिटले.

अंगण हसलं. मीही इतकी हसले की घोंगडी टोचायची थांबली. वाटलं, जिंकलं. पण मामा हसले नव्हते.

"ठीक हाय. मंग हा कंप्युटर कधी व्हईल?"

इथे मला "लवकरच" म्हणता आलं असतं. कुणीही शहाणं माणूस म्हणालं असतं. पण मी तीस वर्षं नकळत एक सवय लावून घेतली आहे, सिद्ध न झालेलं वाक्य तोंडातून बाहेर पडत नाही.

"सांगता येत नाही. वीस वर्षं लागतील, पन्नास लागतील. तत्त्वतः अडचण दिसत नाही, पण खात्री देता येणार नाही."

"आन झालाच न्हाई तर? पोरगा काय करीन?"

"तर तो का होत नाही, हे मारोती सिद्ध करील," मी उत्साहाने म्हटलं. "तेही तितकंच महत्त्वाचं आहे!"

मारोतीने डोळे मिटून घेतले. किसनराव जमिनीकडे बघत होते. बकरीच्या दुधाचा चहा बशीत निवत होता. तेवढ्यात दाराआडून शारदाचा आवाज आला, "मॅडम, ह्यांच्या गणितात कधी चूक निघती का?"

"खूप!" मी एकदम खुलले. "अगं, मागच्या पावसाळ्यात तर याची तीन महिन्यांची सिद्धता एका दुपारी पडली. पण याच्या चुका फार उत्तम असतात. लपवत नाही. सापडली की धावत सांगायला येतो."

मारोतीच्या आईने कपाळाला हात लावला. मामा शेवटचं विचारते झाले, "बरं, ते जाऊ द्या. पोरगा म्हणून कसा हाय?"

आणि देवाशपथ, माझ्या तोंडातून शिफारसपत्र बाहेर पडलं. "मी पाहिलेल्या विद्यार्थ्यांत हा वरच्या काही जणांमध्ये आहे. अर्थात, मी त्याला संशोधनाच्या संदर्भातच ओळखते, त्यामुळे एका मर्यादित अर्थानं..."

वाक्य पुरं करायची गरजच उरली नाही. मामांनी चष्मा काढून पुसला. "बराबर हाय. बघू. कळवतो तुमाला."

"कळवतो" म्हणजे काय, हे नियतकालिकांच्या संपादकांकडून आलेली उत्तरं वाचून वाचून मला चांगलं ठाऊक आहे. मारोती घोंगडीचा एक धागा बोटाला गुंडाळत होता. सहा वर्षांत मी त्याला असा कधी पाहिला नव्हता, सिद्धता पडली त्या दुपारीही नाही. त्या दुपारी तर त्यानेच मला चहा करून दिला होता. मला रडू येईल असं वाटलं. एवढ्या लांबून आले, दुसऱ्याची इरकल नेसून आले, आणि एक साधं वाक्य मला बोलता आलं नाही.

"थांबा," लिंबाजी आबा म्हणाले. ते खांब सोडून पुढे आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. "ही बाई तोंडानं बोलाया लागली की एक पाय पुढं टाकती आन दोन मागं घेती. लेकी, तोंडानं नगं सांगू. हात दे."

खांद्यावरचं उपरणं त्यांनी काढलं. मामा चुळबुळले, "आबा, बाईमाणसाला कुठं हे..." आबांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"पाच बोटं हायती. ह्या पोरावर तुजा भरोसा जेवढा, तेवढी बोटं माज्या हातात दे. एक तर एक, दोन तर दोन. अर्धं बोट नसतंय."

उपरणं आमच्या हातांवर पडलं. खाली त्यांचा खरखरीत, गरम तळवा. सगळं अंगण माझ्या तोंडाकडे बघत होतं, कारण उपरण्याखालचं दिसत नाही, माणसं चेहराच वाचतात. मला वाटलं होतं, मी विचार करीन. चार देऊ का, एक राखून ठेवू का, संशोधनाचा संदर्भ वगैरे. पण हाताला सवयी लागलेल्या नव्हत्या. पाचीच्या पाची बोटं त्यांच्या मुठीत गेली आणि मी अशी काही गच्च दाबली की आबा "आय गं!" म्हणाले.

इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मारोती चांगला आहे, फार चांगला आहे, मला पोटच्या मुलासारखा आहे, आणि त्यात कसली अट नाही, हे मला स्वतःलाच तेव्हा कळलं.

आबा उठले. हात झटकत म्हणाले, "बाई तोंडाची कच्ची हाय, हाताची पक्की हाय." आणि उपरणं घेऊन सरळ आत गेले, नातीकडे.

आत बांगड्या वाजल्या. कुणीतरी खुदकन हसलं, मग कुणीतरी कुणाला तरी दटावलं. बाहेर एक बोकड किसनरावांच्या टोपीचा वास घेत होता आणि त्याला हाकलायचं कुणाला सुचत नव्हतं. मग आबा बाहेर आले, थेट माझ्यापुढे बसले आणि उपरणं पुन्हा पसरलं. नातीने दिली तेवढी बोटं त्यांनी माझ्या हातात दाबली. मग वाकून माझ्या कानात एक वाक्य सांगितलं, आणि सरळ होत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"आता शिवेच्या बाहेर जाईस्तोवर तोंड उघडायचं न्हाई. बाजारात बी असंच हाय, जनावर बाजाराभाईर गेल्याबिगर भाव सांगत न्हाईत. न्हाई असलं तर पावण्याचं तोंड आमच्या अंगणात पडू ने."

किती बोटं दाबली आणि कानात काय सांगितलं, ते तुम्हालाही शिवेपलीकडेच सांगणार. रिवाज म्हणजे रिवाज.

शीव

जीप निघाली आणि मारोती माझ्याकडे वळला.

"मॅडम, नुसती मान हलवा."

मी खिडकीबाहेर बघितलं. हसू दाबायला मी ओठ चावत होते आणि त्यामुळे माझा चेहरा रडवेला दिसत होता, असं मारोतीची आई नंतर म्हणाली.

"बरं, आकडा नका सांगू. सम का विषम तेवढं सांगा. त्यानं आकडा फुटत न्हाई, आपल्याच पेपरात आपण हे वापरलंय!"

मी इरकलीचा पदर तोंडाला लावला.

"मॅडम, ती हसली होती न आत? कोण हसलं? शारदाच हसली न?"

"आरं, गप ऱ्हा न थोडं," किसनराव पुढून म्हणाले, पण तेही आरशातून माझाच चेहरा वाचत होते. ड्रायव्हरने तर गाडी इतकी दामटली की डोकं टपाला लागत होतं. गुपित त्यालाही सोसवत नव्हतं.

आणि समोर शिवेवरचा म्हसोबा दिसायला लागला, शेंदूर फासलेला, वर फुललेला पळस, तेवढ्यात माळावरून मेंढरांचा कळप रस्त्यावर उतरला. पुढे मेंढरं, मागे मेंढरं, दोन्ही बाजूंना मेंढरं. जीप उभी. ड्रायव्हरने हॉर्न दिला, तर मेंढरांनी वर माना करून आमच्याकडे नीट बघून घेतलं आणि तिथेच उभी राहिली. म्हसोबा हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही अजून साखऱ्याच्या हद्दीत.

"इथनं सांगितलं तर काय व्हतंय?" मारोती जवळजवळ ओरडला.

"आबांना शब्द दिलाय," मी म्हटलं आणि मला असं काही हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. मारोती दार उघडून खाली उतरला. पीएच.डी. झालेला माणूस दोन्ही हात पसरून मेंढरं हाकत सुटला, "हर्र! हर्र!" त्याचे आजोबा बघत असते तर धन्य झाले असते. मेंढरं मात्र त्याला अजिबात जुमानत नव्हती. मी पण उतरले. किसनराव उतरले. मारोतीची आई नारळ हातात धरून उतरली. आम्ही सगळे मेंढरांतून वाट काढत, धडपडत, पायीच म्हसोबापाशी पोचलो, पलीकडे गेलो, आणि मी धापा टाकत हात वर केला.

"चार!"

मारोती थांबला. "चार? पाचातली चार?"

"चार."

किसनरावांनी टोपी काढून आभाळाकडे हात जोडले. आईने नारळ म्हसोबापुढच्या दगडावर असा आपटला की पाणी माझ्या पिवळ्या पायांवर उडालं. "व्हय म्हणलं रं पोरीनं, व्हय म्हणलं!" ती मारोतीला गदागदा हलवत होती. आणि आमचा मारोती, जन्माचा सैद्धांतिक माणूस, एवढ्यातही विचारता झाला, "पन पाचवं काहून न्हाई?"

तेव्हा मी त्याला आबांनी कानात सांगितलेलं वाक्य सांगितलं. "पोरगी म्हणती, पाचवं बोट कंप्युटर झाल्यावर."

लग्न वैशाखात झालं. मारोती आता पहिल्यासारखाच माझ्या शेजारच्या खोलीत बसतो, पहिल्यासारखाच फळा भरतो. फरक एवढाच की ज्याने आयुष्यात कधी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं नव्हतं, तो आता रोज सकाळी यंत्रं बांधणाऱ्या मंडळींना फोन लावतो आणि विचारतो, "कुठवर आलं?"